गोणीभर गोपनीय कागद: श्रेडर की बादली?

बाबांच्या कपाटातून गोणीभर कागद निघाले: पासबुकं, पॅन-आधारच्या झेरॉक्स, जुनी रिटर्न्स. रद्दीवाल्याला तसेच द्यायला मन धजेना.

घरगुती श्रेडर (कागदाचे तुकडे करणारं यंत्र) एका वेळी साधारण पाच-सहा कागदच घेतो आणि थोड्या वेळात तापून थांबतो. नुसत्या उभ्या पट्ट्या पाडणारा तर नकोच. एकाच पट्टीवर आधारचे १२ अंक शाबूत राहू शकतात. आडवं-उभं कापणारा घ्या. महिन्याच्या चार-दोन स्टेटमेंटांना तो उत्तम.

एवढ्या ढिगाला मात्र मी बादलीच धरली. पिना काढायच्या, कागद फाडून रात्रभर भिजवायचे, सकाळी हाताने कुस्करायचे. झेरॉक्सची शाई धुतली जात नाही, म्हणून नुसतं भिजवून भागत नाही; लगदा होईपर्यंत मळायचं. लॅमिनेट केलेली कार्डं पाण्याला दाद देत नाहीत, ती कात्रीने बारीक कापली.