तीन धारांची बुशमिल्स की दोन धारांची कॉनेमारा?

आयरिश सिंगल माल्ट व्हिस्कीची एकच बाटली घ्यायची आहे आणि फळीवर 'बुशमिल्स १०' आणि 'कॉनेमारा' शेजारीशेजारी उभ्या आहेत. अशा वेळी बहुतेकांची नजर वयाच्या आकड्यावर जाते आणि कॉनेमाराच्या साध्या बाटलीवर तो नसतोच. माझं ऐकाल तर आधी दोन गोष्टी बघा: किती वेळा उकळली, आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, कशावर सुकवला.

मूळ कृती दोन्हीकडे सारखीच. मटकीला आणतो तसे बार्लीला मोड आणायचे, सुकवून ते वेळेत थांबवायचे, दुसरं धान्य न मिसळता आंबवायचं आणि तांब्याच्या भट्टीत उकळायचं. आंबवणं आणि उकळणं एकाच डिस्टिलरीत. मग किमान ३ वर्षं लाकडी पिंपात, तीही आयर्लंडच्या बेटावरच. तसा कायदा आहे.

आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की कडक. बुशमिल्समध्ये मान तिसऱ्या धारेला. गोव्यात हुर्राक पुन्हा उकळून फेणी होताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली मेहनत लगेच कळेल. प्रत्येक फेरीत जड वासाचे घटक मागे राहतात आणि तिसऱ्या भट्टीतून ८० टक्क्यांहून जास्त मद्यार्काचा, हलका, फळांच्या वासाचा अर्क निघतो. त्यात माल्टला धूर लावलेला नसतो. मग किमान १० वर्षं पिंपात, बहुतेक बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या, थोडी ओलोरोसो शेरी या स्पॅनिश वाइनच्या. ग्लास नाकाशी नेला की मध, व्हॅनिला, मागून पिकलेलं फळ. चार थेंब पाणी घाला, पाच मिनिटं थांबा. मधाचा वास आणखी उघडतो.

लेबलवरच्या १६०८ या सालाला मात्र भुलू नका. त्या वर्षी राजा पहिला जेम्स याने सर थॉमस फिलिप्स यांना अँट्रिम भागात मद्य गाळायचा परवाना दिला, एवढं खरं. कंपनीची नोंदणी १७८४ची, आणि १८८५च्या आगीनंतर डिस्टिलरी पुन्हा बांधावी लागली. एवढा इतिहासही कमी नाही!

कॉनेमाराची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. अमेरिकेतली दारूबंदी, ब्रिटनशी व्यापारयुद्ध अशा तडाख्यांत आयरिश डिस्टिलऱ्या एकामागून एक बंद पडल्या. १९७०च्या दशकाच्या मध्यावर अख्ख्या बेटावर मिडलटन आणि बुशमिल्स एवढ्या दोनच उरल्या, आणि त्याही एकाच मालकाच्या. १९८७ मध्ये जॉन टीलिंग यांनी लाउथ परगण्यात बटाट्यापासून अल्कोहोल बनवणारा जुना सरकारी कारखाना घेतला आणि तिथे कूली डिस्टिलरी उभी केली. कॉनेमारा तिथली. नाव पश्चिम किनाऱ्याचं, जन्म पूर्वेचा.

कूलीने दोन रूढी मोडल्या. तीनऐवजी दोनदाच उकळायचं, आणि माल्ट पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवायचा. पूर्वी आयर्लंडमध्येही पीटवर माल्ट सुकवत. ती चव जवळपास विस्मरणात गेली होती. ग्लासात आधी विझत आलेल्या चुलीचा वास येतो, मग बार्लीचा गोडवा. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लाफ्रॉइग किंवा आर्डबेग या व्हिस्कींइतका हा धूर अंगावर येत नाही, पण नुसता नावापुरताही नाही.

घरात चार जण बसणार असतील आणि कुणी सिंगल माल्ट पहिल्यांदाच चाखणार असेल, तर निःसंकोच बुशमिल्स घ्या. फक्त तिच्यात सोडा ओतू नका. एवढी नाजूक चव त्यात वाहून जाते. तिखट चखण्यापुढेही ती टिकत नाही, तिला खारे बदाम पुरेत. तंदुरी किंवा भाजलेल्या मासळीसोबत प्यायची असेल, किंवा स्कॉचमधला धूर आधीच आवडत असेल, तर कॉनेमारा. दोन्ही ४० टक्क्यांच्याच, त्यामुळे कडकपणावरून निवडायला जाऊ नका. मला स्वतःला एकच ठेवायची झाली, तर मी कॉनेमारा ठेवेन.