सासूबाईंचा नवा गुडघा आणि घरून फॉलोअप: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत सासूबाईंचा (मी त्यांना आईच म्हणते) उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन पणजीकडे आणि आमचं घर गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. जाऊन-येऊन नव्वदच्या वर किलोमीटर, तेही ताजे टाके असताना गाडीत पाय आखडून. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी 'घरून फॉलोअप'ची सोय सांगितली तेव्हा आम्ही लगेच हो म्हटलं. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सोय अशी: फोनवर एक ॲप. रोज सकाळी दुखणं ० ते १० पैकी किती, ताप, सूज, रक्त पातळ करायची गोळी घेतली का, हे भरायचं. दिवसाआड जखमेचा फोटो. आठवड्यातून दोनदा फिजिओचा व्हिडिओ कॉल. प्रत्यक्ष जायचं ते १४व्या दिवशी स्टेपल (टाक्यांच्या धातूच्या पिना) काढायला, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी.

दुखण्याच्या आकड्याचा आम्हाला काही उपयोग झाला नाही. आई रोज 'चार' सांगायच्या. रात्रभर कण्हत असल्या तरी सकाळी चारच! डॉक्टरांना त्रास कशाला द्यायचा, ही त्यांच्या पिढीची रीत. फिजिओ मुलगी मात्र हुशार निघाली. ती आकडा विचारायचीच नाही. 'काकी, काल रात्री कितीदा जाग आली? कूस कोणी बदलून दिली?' असं विचारायची. त्यावर आई खरं बोलायच्या आणि मग डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलली जायची.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ती गोष्ट. आमच्या घरात नेट धरतं ते फक्त सोप्यावर, म्हणून सगळे कॉल तिथेच. आई खुर्चीत बसून व्यायाम करायच्या, सगळं व्यवस्थित दिसायचं, ॲपवर रोज हिरवी खूण. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्या फार थकल्या होत्या. मी दुसरा फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट चालू केला आणि कॉल खाटेजवळ लावला. फिजिओ बोलता बोलता थांबली. 'वहिनी, काकींच्या गुडघ्याखाली ती उशी कधीपासून आहे?' उशी पहिल्या दिवसापासून होती, मीच ठेवली होती. पायाला आराम पडतो म्हणून.

तिने नीट समजावलं. गुडघा वाकलेल्या अवस्थेत तासन् तास राहिला की मागची बाजू आखडते, पाय सरळ होत नाही आणि पुढे माणूस लंगडतच चालतो. वाकण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, सरळ होण्याकडे नसतं. त्या दिवशी आईंचा पाय सरळ व्हायला दहाएक अंश कमी पडत होते. उशी काढून टाचेखाली टॉवेलची गुंडाळी आली. गुडघा अधांतरी, दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी शेजारी बसून अभंग म्हणायचे, दोन अभंग झाले की गुंडाळी काढायची. सहा आठवड्यांच्या तपासणीला पाय जवळजवळ सरळ होता.

ॲपमध्ये उशीबद्दल एकही प्रश्न नव्हता. पणजीच्या ओपीडीतही ती उशी कोणाला दिसली नसती. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, कॅमेरा माणसावरच धरून ठेवू नका. खाट दाखवा, न्हाणीघर दाखवा. आम्ही नंतर फोन घेऊन घरभर फिरलो, तेव्हा तिने संडासासमोरचं सरकणारं पायपुसणं उचलायला लावलं आणि अंगणातल्या तीन चिऱ्यांच्या पायऱ्या कशा उतरायच्या ते शिकवलं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

गुडघा किती वाकतो ते बाजूने काढलेल्या फोटोवरून ॲप मोजतं. मांडीचं वरचं हाड, गुडघा आणि घोटा हे तिन्ही स्पष्ट दिसायला हवेत. गाऊन घालून फोटो काढला की आकडा चुकतो. आमच्याकडे ७८ दाखवलं आणि दोन दिवसांनी प्रत्यक्ष मोजलं तर ९०. ते दोन दिवस आई जेवल्या नाहीत नीट. कपडा वर घ्यायला त्यांना लाज वाटायची. बाईमाणूसच कॉलवर हवं हे आम्ही दुसऱ्या कॉलनंतर सांगितलं, तुम्ही आधीच सांगा.

आता राग आला ती गोष्ट. १८व्या दिवशी, शनिवारी रात्री, आईंची पोटरी सुजून दगडासारखी झाली, हात लावू देईनात. ॲपमध्ये भरलं. लगेच आपोआप उत्तर आलं: पाय उंच ठेवा, बर्फ लावा. फोन लावला तर 'सोमवारी सकाळी नऊनंतर संपर्क करा' एवढंच. या ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, हे त्यांनीच दिलेल्या कागदावर छापलं होतं! २०२० मध्ये केंद्राने टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यातही तातडीच्या वेळी रुग्णाला प्रत्यक्ष दाखवायला सांगावं असंच आहे. आम्ही वाट पाहिली नाही. रात्री साडेअकराला गाडी काढली, डॉप्लर (शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला. गुठळी नव्हती, साधी सूज होती. पण त्या दीड तासाच्या रस्त्यावर आईंनी माझा हात सोडला नव्हता. पोटरी सुजून दुखली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा जखमेतून पाणी आलं, तर ॲप उघडूच नका, सरळ निघा.

बाकी, जखमेच्या फोटोंना त्याच दिवशी उत्तर यायचं, त्याबद्दल तक्रार नाही. ॲप इंग्रजी आणि हिंदीत आहे, मराठी-कोंकणी नाही; घरात शिकलेलं माणूस नसेल तर अवघड. नव्या सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे, तिची चौकशी सगळे करतात. फॉलोअपचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे, हेही विचारून घ्या.

आज गुडघा ११५ अंश वाकतो. ॲपमध्ये गुडघ्याबद्दल बारा प्रश्नांची एक चाचणी असते, ४८ पैकी गुण, जास्त तितकं चांगलं. ऑपरेशनच्या आधी १७ होते, आता ३८. टाक्याच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता आहे, ती राहू शकते असं सांगितलंय. चवथीला (गणेश चतुर्थीला) आई खाली बसल्या नाहीत, पण माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं बांधतात त्या चौकटीखाली) खुर्ची टाकून कुठलं फळ कुठे बांधायचं ते सगळं त्यांनीच सांगितलं, आणि आरतीला पूर्ण वेळ उभ्या राहिल्या.

डिसेंबरमध्ये डावा गुडघा ठरलाय. फॉलोअप हाच घेणार, फिजिओही तीच मागितली आहे. फक्त या वेळी रात्री आणि रविवारी फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर कागदावर लिहून मिळाल्याशिवाय सही करणार नाही, असं हॉस्पिटलला कळवलंय. आणि ती उशी मी माळ्यावर टाकली आहे.