शेंगदाणा फिल्मवर दिसत नाही: राजारामपुरीतील एका एक्स-रे केंद्राचा अनुभव

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या या केंद्रात आम्ही दुसऱ्या एक्स-रेसाठी गेलो, हे आधीच सांगतो. अडीच वर्षांच्या नातवाला बारा दिवस खोकला होता, ताप नव्हता आणि औषधाने उतारही पडत नव्हता. पहिला एक्स-रे घराजवळ काढला होता. त्यात पोर रडत एका अंगावर वळलेले असल्यामुळे छाती तिरकी आली होती, तरीही अहवालात सारे ठीक असल्याचे लिहिले होते. बालरोगतज्ज्ञांनी फिल्म बाजूला ठेवून एवढेच विचारले, की खाताना कधी ठसका लागला होता का. तेव्हा सूनबाईंना रंकाळ्यावरची भेळ आठवली.

नाणे किंवा बटणासारखा सेल एक्स-रेवर पांढरा उमटतो. शेंगदाणा उमटत नाही. त्यामुळे दाण्याचा नव्हे, त्याच्या परिणामाचा शोध घ्यावा लागतो. श्वासनलिकेच्या फांदीत अडकलेला दाणा झडपेसारखा वागतो. हवा आत शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही आणि त्या बाजूचे फुप्फुस फुगलेलेच राहते. मोठ्या माणसाला 'श्वास सोडा' म्हणता येते. अडीच वर्षांच्या मुलाला काय सांगणार? म्हणून त्याला आळीपाळीने दोन्ही कुशींवर निजवून फिल्म काढतात. खालच्या बाजूचे फुप्फुस शरीराच्या भाराने दबायला हवे. आमच्या नातवाचे उजवे फुप्फुस उजव्या कुशीवरही दबले नाही, ते तसेच हवेने भरलेले, काळेभोर दिसत राहिले.

येथील तंत्रज्ञाची मी मुद्दाम तारीफ करतो. बटणावर हात ठेवून तो मुलाच्या पोटाकडे पाहत थांबला होता. "रडू द्या त्याला, वहिनी, रडतानाच श्वास पुरता आत जातो," असे तो म्हणाला आणि नेमक्या त्या क्षणी त्याने पहिली फिल्म घेतली. मुलाला धरण्याआधी सूनबाईंना दिवस गेले आहेत का, हे विचारून शिशाचा ॲप्रन दिला. किरणोत्सर्गाची आमची धास्तीही त्याने आकड्यांनी घालवली: छातीच्या एका साध्या एक्स-रेत सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाची मात्रा मोजण्याचे एकक), तर निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. सीटी स्कॅनची मात्रा यापेक्षा कितीतरी अधिक असते. 'एकदाचा सीटीच करून टाका' असा माझा आग्रह होता. डॉक्टरांनी तो मानला नाही हे बरेच झाले. दुसऱ्या दिवशी भूल देऊन, दुर्बिणीने अर्धा दाणा काढण्यात आला.

आता तक्रारी. दिलेला ॲप्रन स्टुलावर घडी घालून ठेवलेला होता. घडीने आतल्या शिशाला भेगा पडतात, म्हणून तो टांगूनच ठेवायचा असतो, आणि एवढ्या महागड्या केंद्रात खुंटी नसावी हे पटत नाही. प्रतीक्षेची खोली एकच आहे. खोकणारी मुले आणि सोनोग्राफीसाठी आलेल्या गरोदर स्त्रिया तेथे खेटून बसतात. लेखी अहवाल संध्याकाळी देऊ म्हणाले आणि प्रत्यक्षात हाती पडला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे दाणा निघून गेल्यावर. तोवर मोबाइलवर पाठवलेल्या प्रतिमांवरच डॉक्टरांनी निर्णय घेतला होता. लहान मुलाला नेणार असाल तर सकाळी जा, रेडिओलॉजिस्ट तेव्हा जागेवर असतात, आणि जुनी फिल्म, कितीही तिरकी असली तरी, बरोबर ठेवा.