पुरंदरच्या मुरमात सात महिने: टिकाव फसला, पहार तरली

परवा सत्तेचाळिसाव्या खड्ड्यात टिकावाचं डोकं दांड्यातून निसटलं आणि मागं उभ्या असलेल्या सासऱ्यांच्या पायापासून वीतभर लांब पडलं. हे लिहायला बसले ते त्यामुळंच.

काम साधं होतं. बांधावर सीताफळाच्या फुले पुरंदर वाणाची साठ कलमं लावायची, दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डे. जेसीबी घातला असता तर बांधच फुटला असता, म्हणून हातानं. वरची चार बोटं माती, खाली मुरूम, मध्येच काळे गोटे.

डिसेंबरात फायबरच्या दांड्याचा टिकाव ऑनलाइन मागवला, साडेअकराशेला. मार्चमध्ये कुणी विचारलं असतं तर मी पाच तारे दिले असते. हाताला झिणझिण्या येत नाहीत, दांडा वाळत नाही, चिरत नाही. यातलं एकही खोटं नाही, आजही नाही.

पण नेढं, म्हणजे डोक्यातलं दांडा बसवायचं भोक, बघा. टिकाव घेताना आधी नेढं बघा, रंग आणि स्टिकर नंतर. आमच्या घरच्या जुन्या टिकावाचं नेढं लांबट आहे, खाली अरुंद आणि वर रुंद. दांडा वरून ओवायचा आणि त्याचं जाड टोक वर राहतं. त्यामुळं दर घावाला डोकं बाहेरच्या बाजूला ओढलं जातं आणि जाड भागावर आणखी घट्ट बसतं. नव्या टिकावाचं नेढं जवळजवळ गोल, दांडा खालून घुसवलेला आणि सगळी भिस्त आत ओतलेल्या चिकट रसायनावर. पत्र्याच्या शेडमधलं एप्रिलचं ऊन आणि रोजचे घाव मिळून ते सुटलं. शिवाय नेढं गोल असल्यानं निसटायच्या आधी आठवडाभर डोकं हातात फिरत होतं. मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर, दांडा वॉरंटीत येत नाही. दुसरं, तुम्ही उचकटायला वापरलात. गोटा उचकटायला दोनदा वापरला, हे मी स्वतःच सांगितलं होतं, आणि ते चूकच आहे. पण मग नुसता दांडा तरी विकत द्या! तो वेगळा मिळत नाही. साडेअकराशेची वस्तू आणि दुरुस्तीची सोयच नाही, याचा मला मनापासून राग आहे.

आता पहार. ही मी उगाच घेतली असं जानेवारीत वाटत होतं. पंचवीस मिलिमीटरची, अष्टकोनी, पाच फुटी, वजन सहा किलोच्या आसपास. दुकानात सळईची पहार निम्म्या किमतीत होती आणि वजनही जवळपास तेवढंच, त्यामुळं वजनावरून फरक कळत नाही. पण बांधकामाच्या सळईत कार्बन कमी असतो. टोक तापवून पाण्यात बुडवलं तरी कडकपणा धरत नाही, गोट्यावर चार दिवसांत पसरून फुलतं. शेजाऱ्यांची तशीच फुलली. आमची सात महिन्यांत दोनदाच पाजवली.

शिवाय पहारीनं मला मुरूम वाचायला शिकवला. ठण् वाजलं की अखंड दगड, खड्डा हातभर सरकवा. ठप् वाजलं की कुजलेला गोटा. आपल्याकडचा काळा दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी झिजतो. कडेनं पहार घातली की पापुद्रे सुटत जातात आणि आतला गाभा आख्खा उचलता येतो. मधोमध घाव घालत बसलं तर दिवस जातो. अर्धा खड्डा झाला की संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतून ठेवा, सकाळी मुरूम निम्म्या कष्टात निघतो.

टिकाव निसटला त्याच आठवड्यात गावात घिसाडी, म्हणजे फिरते लोहार, आले होते. जुन्या टिकावाचं झिजलेलं टोक दाखवलं. त्यातल्या काकांनी ट्रकच्या कमानपाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, तुकडा जोडून टोक ओढलं आणि फक्त पुढची दोन बोटं पाण्यात बुडवली. मी विचारलं, सगळंच का नाही बुडवत? म्हणाले, "ताई, सगळं कडक केलं तर नेढ्यापाशी तुटंल." बाभळीच्या दांड्यासकट अडीचशे रुपये घेतले.

नव्याचं डोकं वाया जाऊ नये म्हणून त्यांनाच नेढं लांबट करून मागितलं. तिथं लोखंड पातळ आहे, फाटेल, म्हणाले. ते शेडमध्ये पडून आहे. तेरा खड्डे राहिलेत, कलमं सावलीत पिशव्यांत उभी आहेत आणि सासरे आता माझ्या मागं न थांबता बांधाच्या त्या टोकाला बसतात.