दुखण्यातून उठलेल्या धावपटूसाठी छातीचा पट्टा: पोलर एच१०

महिनोन्महिने अंगात त्राण नाही, कसर अधूनमधून येते-जाते, रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि आजाराला नाव नाही. अशा दुखण्यातून उठून पुन्हा १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉनला उतरायचं असेल आणि पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील, तर नवे बूट नंतर घ्या. आधी छातीवर बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घ्या. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या धावणाऱ्यांना आम्ही पोलर एच१० सुचवतो, आणि त्याच्या उणिवाही इथेच सांगतो.

पट्टाच का, ते आधी. अशा आजारात श्रमाचा फटका त्याच दिवशी बसेल असं नाही, बऱ्याचदा तो १२ ते ४८ तासांनी बसतो. सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानात दोन फेऱ्या मजेत होतात आणि तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. म्हणून धावताना ‘आज बरं वाटतंय’ याला फारसा अर्थ नसतो. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ साली क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या (न हटणाऱ्या थकव्याच्या अशाच आजाराच्या) मार्गदर्शिकेतून ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार काढून टाकला, तो याच अनुभवामुळे. शरीर वेळेवर सांगत नाही, तेव्हा बाहेरून मोजलेला आकडा हवा, आणि तो खरा हवा.

मनगटी घड्याळ इथेच कमी पडतं. त्याचा हिरवा प्रकाश कातडीखालचा रक्तप्रवाह बघतो. थंडीत हात गार पडले, पट्टा सैल असला की ते चुकतं. सर्वात वाईट म्हणजे ते पावलांची लय पकडतं: मिनिटाला १७० पावलं पडत असली की ठोकेही १७० दाखवतं, खरे १३० असले तरी. उलटही होतं, चढ लागल्यावर ठोके वाढलेले असतात आणि घड्याळ मागे राहतं. तगड्या धावपटूचं यात फार बिघडत नाही. दुखण्यातून उठलेल्याला मात्र ही चूक आठवडाभर झोपवू शकते.

एच१० हृदयाचे विद्युत संकेत थेट छातीवरून घेतो. पोलर ही फिनलंडची कंपनी, १९८२ पासून बिनतारी हार्ट रेट मीटर बनवणारी. सेन्सरला ब्लूटूथ आणि अँट प्लस (क्रीडा उपकरणांतली बिनतारी जोडणी) दोन्ही आहेत, त्यामुळे फोन आणि बहुतेक कंपन्यांची घड्याळं चालतात. आत सीआर२०२५ सेल, कंपनीच्या म्हणण्याने सुमारे ४०० तासांचा; हा सेल शहरात घड्याळजीकडेही मिळतो आणि झाकण नाण्याने उघडतं. एक गोष्ट घेण्याआधीच माहीत असू द्या: पट्टा स्वतः वाजत नाही, थरथरत नाही. मर्यादा ओलांडल्याचा इशारा घड्याळ किंवा फोनच देतो. फोन खिशात ठेवून धावणार असाल तर आवाजी इशारा देणारं अ‍ॅप आधी लावून घ्या, नाहीतर खरेदीचा अर्धा उपयोग गेला.

बांधायची रीत सोपी, पण चुकते नेमकी तिथेच. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करा. छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, खोल श्वास घेता येईल पण पट्टा घसरणार नाही इतका आवळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची हवा कोरडी असते, घाम उशिरा येतो, आणि पॉलिएस्टरचा सैल टी-शर्ट फडफडून स्थिर वीज तयार करतो. मग पहिली दहा मिनिटं १९०, २०० असे वेडे आकडे दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. ईसीजीचं जेल लावलं आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट घातला की हे बहुतेक थांबतं. घाम आल्यावरही आकडे उड्या मारत राहिले, धडधड, छातीत दुखणं किंवा चक्कर असली, तर दोष पट्ट्याचा समजू नका. धावणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. एच१० वैद्यकीय उपकरण नाही.

धावण्याआधी त्याचा सर्वात चांगला उपयोग घरीच होतो. दहा मिनिटं आडवं पडा, मग उठून भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभं राहा आणि दर मिनिटाचे ठोके लिहा. घरी दुसरं माणूस असताना करा, चक्कर आली तर लगेच बसा. मोठ्या माणसात ठोके ३० किंवा अधिक वाढून तसेच राहिले (कुमारवयात ४०), तर तो कागद आणि रक्तदाबाची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. ट्रॅकवर जायची घाई नको.

मर्यादा किती ठेवायची? ज्यांना जिना चढूनही फटका बसतो, त्यांच्यासाठी विश्रांतीचे ठोके अधिक १५ असा आकडा वापरतात. सकाळचे ५८ असतील तर ७३. यात धावणं नाहीच. रोजचं अर्धा तास चालणं निदान दोन-तीन आठवडे पचल्यावर फिल मॅफेटोन या अमेरिकन प्रशिक्षकाचं सूत्र वरची हद्द म्हणून घ्या: १८० वजा वय, मोठ्या आजारानंतर आणखी १० वजा. ३४ वर्षांच्या धावपटूला १३६. सुरुवात एक मिनिट जॉग, चार मिनिटं चाल, अशा चार-पाच आवर्तनांनी, आणि पुढचे दोन दिवस बघितल्याशिवाय वाढ नाही. बीटा-ब्लॉकरची (ठोके कमी करणारी, बऱ्याचदा रक्तदाबासाठी दिलेली) गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात. हे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

जागा सपाट निवडा. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ चालत चढतानाही ही हद्द ओलांडली जाते, तो पुढच्या हंगामासाठी ठेवा. एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, तेव्हा वेग सोडा, हद्द सोडू नका. शर्यतीला उतराल तेव्हाही हाच पट्टा कामाचा आहे. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या चढाच्या शर्यतीत पहिल्या किलोमीटरांत गर्दीबरोबर वाहून जाण्यापासून तो वाचवतो.

उणिवा दोन. किंमत साध्या पट्ट्यांच्या मानाने बरीच जास्त आहे, आणि कापडी पट्टा सेन्सरच्या आधी झिजतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात तो दिवसेंदिवस ओलसर राहतो, वास मारतो, बटणांवर गंज चढतो. दर वेळी सेन्सर काढून ठेवा (लावून ठेवला तर सेलही उतरतो), पट्टा नळाखाली धुवा, आठवड्यातून एकदा सौम्य साबण लावा, पंख्याखाली वाळवा. फॅब्रिक कंडिशनर, पिळणं आणि इस्त्री नको. धुऊन, ओला करूनही वाचन तुटत असेल तर फक्त नवा पट्टा घ्या, तो सुटा मिळतो. वापरलेला एच१० स्वस्तात मिळाला तरी सेन्सर तेवढा ठेवा आणि पट्टा नवाच घाला.