अर्धवट बांधलेलं विमान बंगळुरूहून पुण्याला आणलं, त्या ट्रेलरवाल्यांचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगतो, पाचपैकी साडेचार. नऱ्ह्यातले ट्रान्सपोर्टवाले आहेत, एक मालक, दोन गाड्या आणि एक बंद बॉडीचा ट्रेलर एवढाच पसारा. त्यांनी माझं अर्धवट विमान बंगळुरूहून भूगावला माझ्या शेडमध्ये आणून दिलं आणि पंखांच्या पत्र्यावर एकसुद्धा पोचा नाही. अर्धा मार्क का कापला ते खाली येईलच.

विमान म्हणजे झेनिथ सीएच ७०१ चं किट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ख्रिस हाइन्ट्झ यांचं १९८६ चं डिझाइन आहे, दोन सीट, अगदी तोकड्या पट्टीवरून उडणारं, पार्ट्स आणि ड्रॉइंग घेऊन आपण घरी बांधायचं. बंगळुरूच्या एका काकांनी ते बरंच पुढे नेलं होतं, शेपटी पूर्ण, एक पंख पत्रा लावून बंद झालेला, दुसऱ्याचा नुसता सांगाडा, फ्युजलाज म्हणजे विमानाचं धड चाकांवर उभं, आणि रोटॅक्स ९१२ इंजिन अजून कंपनीच्या पेटीत. तब्येतीमुळे त्यांचं काम थांबलं आणि ते मी घेतलं. घेतल्यावर खरा प्रश्न सुरू झाला की हे ८४० किलोमीटर आणायचं कसं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बाकी सगळं त्यावरच आहे. या विमानाचं तयार झाल्यावरचं रिकामं वजन २६० किलोच्या थोडं वर. पंखांचा पूर्ण विस्तार २७ फूट, लांबी २१ फुटांच्या आसपास. आणि अंगावरचा पत्रा बहुतेक ठिकाणी ०.४ मिलिमीटर. म्हणजे आकार मोठा, वजन जवळपास काहीच नाही, आणि अंगठ्यानं जोरात दाबलं तरी खूण राहील असा माल. आपल्याकडचं सगळं ट्रान्सपोर्ट टनावर चालतं, फोन केला की पहिला प्रश्न "किती टन?" आणि मी म्हणायचो अर्धा टनही नाही, की लगेच समोरून "मग काय, पार्ट लोडमध्ये टाकू की". पार्ट लोड म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच गाडीत, वरून कुणाच्या तरी मोटारींच्या पेट्या येणार. दुसरे एक म्हणाले उघड्या गाडीत ठेवू, वरून ताडपत्री मारू. ताडपत्री वाऱ्यानं रात्रभर फडफडत पत्र्यावर घासली तर पोचताना पत्र्याची काय अवस्था होईल हे त्यांना फोनवर समजावता येत नाही.

आणि हलका माल म्हणजे सोपा माल हा समज तर पूर्ण उलटा आहे. दहा टनांसाठी बसवलेले स्प्रिंगचे पाटे तीनशे-चारशे किलोनं दबतच नाहीत, त्यामुळे गाडी रिकामी धावते तशी उडत धावते आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा मालापर्यंत पोचतो. त्यात ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम घासलं की काळी भुकटी निघते, ती भुकटी म्हणजे तुमचाच पार्ट झिजतोय. पोचा निदान दिसतो, ही झीज दोन पत्र्यांच्या मधे असते, तिथे नजर जात नाही.

नऱ्ह्याच्या मालकांनी टन विचारलंच नाही. फोटो पाठवा म्हणाले, मग फोन करून विचारलं, "साहेब, याला हात कुठं लावायचा आणि कुठं नाही लावायचा तेवढं सांगा." मला तिथेच बरं वाटलं. नंतर कळलं की दर वर्षी सीझनला ते पेणहून गणपतीच्या मूर्ती आणतात आणि बाकी वर्षभर एक्झिबिशनचे स्टॉल, काचेची शोकेस असली कामं करतात. मूर्ती आणणाऱ्या माणसाला बोट आणि सोंड सांभाळायची सवय असते, पंखाची मागची कडा त्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

ट्रेलर २२ फुटी, बंद बॉडी, बॉडीवाल्याकडून मुद्दाम बांधून घेतलेला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लोअर जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर. नेहमीच्या ट्रकचा फाळका छातीपर्यंत येतो, तिथे फ्युजलाज चढवायचं म्हणजे हायड्रा क्रेन नाहीतर डझनभर माणसं. इथे दोन फळ्या टाकल्या आणि फ्युजलाज स्वतःच्या चाकांवर आत गेलं. कॅप्टन अमोल यादवांचं विमान आठवत असेल, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडियासाठी क्रेननं खाली उतरवून बीकेसीला नेलेलं. तेव्हापासून मला वाटतं की आपल्याकडे घरी विमान बांधणाऱ्याला बांधण्याइतकाच विचार हलवण्याचाही करावा लागतो, आणि त्याबद्दल मराठीत कुणी धड लिहीत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

पंखांसाठी त्यांनी टिंबर मार्केटमधून प्लाय आणून दोन पाळणे बनवले. माप मी पाठवलं होतं, पण त्यांच्या सुताराने एक प्रश्न विचारला तो मला फार आवडला, "आतली बरगडी कुठं येते?" कारण पंख पुढची कडा खाली करून उभा ठेवायचा असतो आणि आधार बरगडीखाली यायला हवा, दोन बरगड्यांच्या मधल्या नुसत्या पत्र्याखाली आला तर पत्रा आत जाणार. त्याने प्लायवर पेन्सिलीने बरगड्यांच्या जागा मार्क करून तिथेच खाचा कापल्या, खाचांना जुनं कार्पेट लावलं. पंखाच्या पुढच्या कडेच्या पट्ट्या म्हणजे स्लॅट आधीच काढून ठेवल्या होत्या. एकेक पंख बारा फुटांच्या आसपास, ते दोन्ही एका बाजूला आणि फ्युजलाज दुसऱ्या बाजूला असं बसलं.

उघडा पंख हा सगळ्यात नाजूक विषय. पत्रा लागायच्या आधी सांगाडा पिळला जाऊ शकतो, आणि पिळलेल्या सांगाड्यावर पत्रा रिव्हेट केला की तो पीळ कायमचा, मग विमान हवेत एका बाजूला कलतं. म्हणून त्याला एक वेगळी सरळ फ्रेम आणि फ्रेमला सांगाडा चार ठिकाणी बांधलेला, म्हणजे ट्रेलर वाकडातिकडा झाला तरी फ्रेम आणि पंख एकत्रच हलणार. सांगाड्यातल्या क्लेको म्हणजे त्या तात्पुरत्या पिना कंपनानं सुटू शकतात, तर काकांनी आणि मी मिळून मोक्याच्या भोकांत नट-बोल्ट टाकले. हे काम ट्रान्सपोर्टवाल्याचं नाही, ते आपणच करायचं.

फ्युजलाज बांधताना रॅचेट बेल्ट अंगावरून टाकायचे नाहीत, लँडिंग गिअरच्या म्हणजे चाकांच्या पायाला आणि पुढे इंजिन माउंटच्या बोल्टच्या जागी बांधायचे. या विमानाचा मागचा गिअर म्हणजे ॲल्युमिनियमची एक वाकणारी पट्टीच आहे, ती रस्त्यात स्प्रिंगप्रमाणे खालीवर होत राहते, म्हणून पोटाखाली फोम लावून लाकडी ठोकळा दिला. आणि आता मालकांची आयडिया जी मी कुठे वाचली नव्हती. त्यांनी ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर, फ्लोअरला घट्ट बांधून, वाळूची पोती टाकली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, म्हणजे वाळू उडायला नको. "मूर्त्या हलक्या असल्या की आम्ही असंच करतो, गाडीला थोडं वजन लागतं नाहीतर ती नाचते." टायरची हवाही त्यांनी त्या वजनाला साजेशी ठेवली. मी ट्रेलरच्या मागे मागे कार घेऊन आलो आणि आमच्या पुढे रिकामे ट्रक खड्ड्यात उड्या मारत होते तिथे हा ट्रेलर शांत जात होता.

रस्त्याचं थोडक्यात. कर्नाटकातला बराचसा भाग चांगला आहे, निपाणीजवळचा तवंदी घाट सावकाश उतरला, त्रास झाला तो कोल्हापूर ते साताऱ्याच्या पट्ट्यात, सहापदरीची कामं आणि डायव्हर्जन, तिथे ड्रायव्हर मामांनी स्वतःहून वेग तीसवर आणला. पुढे खंबाटकीचा बोगदा झाल्यावरचं ते एस वळण आणि कात्रजचा नवीन बोगदा झाल्यावर नवले पुलाकडचा उतार, तिथे किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको. मी निघतानाच मामांना विनंती केली होती की उतारावर न्यूट्रल नको, ते म्हणाले आमच्या मालकांनी न्यूट्रल केलं तर गाडीवरून उतरवतो अशी ताकीदच दिलीय. पूर्ण उतार खालच्या गिअरमध्ये उतरले, मागून हॉर्न वाजत होते तरी. चांदणी चौकातून भूगावचा रस्ता दिवसा अशक्य आहे, म्हणून रात्री उशिरा आणलं. आमच्या गल्लीत इंटरनेटच्या केबल लोंबतात, मामांचा हेल्पर बांबू घेऊन पुढे चालत एकेक केबल उचलून देत होता.

आता अर्धा मार्क. एक, विंडशील्डच्या पॉलिकार्बोनेटवर त्यांच्या पोराने थेट ब्राउन टेप लावला. त्याचा गोंद काढायला पेट्रोल किंवा थिनर चालत नाही, तडे जातात, मला साबणाच्या पाण्याने हळूहळू काढत बसावं लागलं. दोन, एका फ्लॅपरॉनच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीच्या, मागच्या कडेला बारीक पोचा आलाय, तो सुटा पार्ट होता आणि गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवला होता, पण पेटीत इतर सामान वर आलं. दुरुस्त होण्यासारखा आहे, मालकांनी मान्यही केलं. पण सुट्या पार्ट्सना प्रत्येकी वेगळा कप्पा हवाच. तीन, निघायच्या आधी फोन लगेच उचलायचे, वाटेत मात्र मालकांचा फोन तासन्‌तास लागायचा नाही, ट्रॅकिंग वगैरे काही नाही. मी मागे नसतो तर रात्रभर जागा राहिलो असतो.

कागदपत्रांचं काम मात्र चोख. ई-वे बिल, म्हणजे माल हलवायला लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्यांनीच काढलं. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते, त्यामुळे घाई करायची गरजच नव्हती. काकांचं विक्रीपत्र, किट आयात करतानाचे कस्टम्सचे कागद आणि फोटोंसकट पार्ट्सची यादी अशी एक फाइल मामांकडे ठेवली होती, कारण चेकपोस्टवर दार उघडलं की आत विमान दिसणार आणि प्रश्न येणारच. एके ठिकाणी आलेही, फाइल दाखवली, पोलिसांनी आत डोकावून फोटो काढला आणि सोडलं. माल बॉडीच्या बाहेर येत असेल तर तो प्रकार करूच नका, २०१९ पासून त्याला थेट २०,००० रुपये दंड आहे, शिवाय जागेवर माल उतरवायला लावतात.

इन्शुरन्स हा विषय ते काढत नाहीत, तुम्हीच काढा. रस्ते वाहतुकीच्या कायद्यात असं आहे की मालाची जास्तीची किंमत आधी लिहून दिली नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. माझं भाडं, पाळणे, वाळू, हेल्पर सगळं धरून ७० हजारांच्या घरात गेलं, त्याची दहा पट केली तरी इंजिन आणि किट मिळून जी किंमत होते तिच्या जवळपासही जात नाही. म्हणून मी वेगळी ट्रान्झिट पॉलिसी घेतली आणि बिल्टीवर म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर पूर्ण किंमत लिहायला लावली. मालकांनी कुरकुर केली नाही, पण स्वतःहून सांगितलंही नव्हतं. ७० हजार काहींना जास्त वाटतील, मला चाळीसलाही कोट आले होते, पण त्यात पाळणे नव्हते आणि बंद बॉडी नव्हती.

अजून एक, पावसाळ्यात हे करू नका. बंद बॉडी असली तरी ओला फोम किंवा पुठ्ठा पत्र्याला चिकटून राहिला की पांढरा गंज धरतो. मी दिवाळीनंतरची तारीख घेतली आणि शेडमध्ये आल्या आल्या दमलो असलो तरी सगळं पॅकिंग सोडून पत्रा कोरडा पुसून घेतला.

पाळणे मी त्यांच्याकडून विकतच घेतले, पंख सध्या त्यातच उभे आहेत आणि दुसऱ्या पंखाचं काम सुरू झालंय. सगळं जोडून झालं, डीजीसीएचे म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचे सोपस्कार झाले की विमान परत सुटं करून एअरफील्डला न्यावं लागेल, तेव्हा ट्रेलर यांचाच सांगणार, फक्त सुट्या पार्ट्सच्या पेट्या मी स्वतः भरणार आणि काचेला कुणालाही टेप लावू देणार नाही. कुणाला असंच काही हलवायचं असेल, ग्लायडर असो, मायक्रोलाइट असो, तर मला विचारा, मी मालकांशी बोलणं करून देईन, आणि पाळण्यांची मापंही देईन.