882 रुपये वाचवले, त्याची गोष्ट

सव्वीस वर्षं मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाचं काम पाहिलं. सराफ कस लावायचा, मी वजन टिपायचो, खड्यांचं, लाखेचं वजन वजा करायचो आणि निव्वळ सोन्यावर कर्ज मंजूर व्हायचं. हिरा असला तरी त्याला आम्ही शून्य धरायचो. त्यामुळे हिऱ्याबद्दल मला काही कळत नाही, हेच मला निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं.

2023 च्या नवरात्रात शहरातल्या एका हॉलमध्ये दागिन्यांचं प्रदर्शन लागलं होतं. ललितापंचमी होती, अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला, म्हणजे टेंबलाईला गेली होती, निम्मं गाव तिकडेच. आम्ही दोघं मात्र हॉलमध्ये. लेकीला हिऱ्याच्या कुड्या करायच्या, हे हिनं लग्नापासून मनात धरलेलं. एका कुडीत सात खडे, जोडीत चौदा. घाट जुना, काम सुबक. बघताक्षणी हिला आवडल्या आणि तिथंच माझी घासाघीस करायची ताकद निम्मी झाली.

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "सर, एक कॅरटच्या आहेत, अठरा कॅरटमध्ये. ईएफ-व्हीव्हीएस. सर्टिफाइड. लाइफटाइम एक्स्चेंज."

मी विचारलं, "हिरा खरा आहे ना?"

"रिअल डायमंड आहे सर, अमेरिकन नाही," असं म्हणून तिनं पेनासारखं टेस्टर काढलं आणि एका खड्याला टोक लावलं. हिरवे दिवे लागले, पीक वाजलं. मग मी माझं ज्ञान दाखवलं. 750 चा शिक्का पाहिला, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा नंबर, म्हणजे एचयूआयडी, सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघितला. तो बरोबर निघाला. बिल हातात आल्यावर तर मी त्यांना पकडलंच! सोन्याचा दर त्यांनी 5.400 ग्रॅमवर लावला होता, म्हणजे खड्यांच्या वजनासकट. 0.98 कॅरट म्हणजे 0.196 ग्रॅम, ते वजा करा म्हटलं. मुलगी गडबडली, मॅनेजर आला, "सर जाणकार आहेत" म्हणाला आणि 5.204 ग्रॅमचं बिल करून दिलं. ग्रॅमला 4,500 च्या दरानं 882 रुपये वाचले. घरी येईपर्यंत हे मी हिला तीनदा सांगितलं. करासकट भरले होते 1,07,860.

पुढची दोन वर्षं काही घडलं नाही. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला लेक इचलकरंजीहून आली, तेव्हा उजव्या कुडीत एक कोंदण रिकामं दिसलं. खडा पडला होता. गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या एका बोळात, माडीवर, पतसंस्थेच्या दिवसांपासूनचे ओळखीचे कारागीर बसतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कुडी चिमट्यात धरली, फिरवली आणि सहज विचारलं,

"कसला घालू साहेब? मशीनचा का खाणीतला?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "मामा, हिरा घाला की."

"दोन्ही हिराच ओ. आधी कागद बघू."

कागद म्हणजे डबीच्या मखमलीखाली खोचलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड. ते मी एकदाही वाचलं नव्हतं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्याजवळ नेलं. कुड्यांचा फोटो, वजन, आणि त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत: लॅबोरेटरी ग्रोन डायमंड. मग बिल मागितलं. वर्णनाच्या रकान्यात "डाय. सीव्हीडी" असं होतं. मला तो डिझाइनचा नंबर वाटला होता. सीव्हीडी ही प्रयोगशाळेत हिरा वाढवायची पद्धत आहे: बंद पात्रात कार्बनयुक्त वायू सोडतात आणि हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवतात.

"सोनं बघून घेतलासा, खडा बघायचा राहिला," मामा म्हणाले. भिंगातून ओळखता येतो का, विचारलं. "मलाबी न्हाई येत. त्याला मोठी मशिनं लागत्यात. आजकाल दोन्ही येतात म्हणून मी विचारून घेतो."

कुड्या घेतल्या त्याच वर्षी, 2023 च्या जूनमध्ये, पंतप्रधानांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्या पत्नीला 7.5 कॅरटचा, भारतातच लॅबमध्ये घडवलेला हिरा भेट दिला, ही बातमी मी वाचली होती. कौतुकही केलं होतं. आपल्या डबीतही त्याच जातीचा माल येईल, हे डोक्यात आलं नाही.

म्हणून एकेक शब्द सांगतो. मला तिथं कुणी धडधडीत खोटं बोललं नाही, आणि माझी सगळी चिडचिड त्याचीच आहे.

"रिअल" हे खरं. लॅबचा हिराही कार्बनचाच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकणारा. मी "खरा का" विचारलं, "खाणीतला का" विचारायला हवं होतं. टेस्टर फक्त खडा उष्णता किती झटकन वाहून नेतो ते बघतं. अमेरिकन डायमंड, जो ना अमेरिकन ना डायमंड, नुसता झिर्कोनिया, तो तिथं उघडा पडतो. लॅबचा हिरा आरामात पास होतो. मोयसनाइट नावाचा वेगळाच खडाही साध्या टेस्टरला फसवतो.

"कॅरट" या शब्दानं तर मराठी माणसाची जास्तच पंचाईत केली आहे. अमेरिकन इंग्रजीत सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट आणि हिऱ्याच्या वजनाचा कॅरट यांची स्पेलिंगं वेगळी, आपण दोन्ही एकच लिहितो आणि एकच बोलतो. अठरा कॅरट म्हणजे चोवीसातले अठरा भाग सोनं, म्हणून 750. हिऱ्याचा एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. आणि "एक कॅरटच्या कुड्या" म्हणजे चौदा खडे मिळून. माझा एक खडा सात सेंटचा. एक कॅरटचा एकच हिरा आणि सात-सात सेंटचे चौदा यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण खडा मोठा होतो तसा कॅरटमागचा दरच चढत जातो.

"ईएफ-व्हीव्हीएस" मधला ईएफ म्हणजे रंग. ही पट्टी डीपासून सुरू होते, डी म्हणजे पूर्ण रंगहीन, झेडकडे जाताना पिवळटपणा वाढतो. व्हीव्हीएस म्हणजे आतले दोष दहापट मोठं करूनही मुश्किलीनं दिसतात. पण हिरा लॅबचा असला तरी हीच अक्षरं लागू शकतात, हे कोण सांगणार? शिवाय माझ्या कार्डावर, कोंदणात बसलेल्या खड्यांची प्रत जितपत दिसते तितपतच दिली आहे, अशीही एक ओळ होती.

एचयूआयडीचा मला सगळ्यात जास्त आधार वाटला होता. तो फक्त सोन्याचा. खड्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही.

आणि "लाइफटाइम एक्स्चेंज"? बिलावरच्या नंबरवर फोन लावला. सोनं चालू भावानं घेऊ, लॅबच्या खड्यांना एक्स्चेंज नाही, पॉलिसी बिलामागे छापली आहे, असं उत्तर आलं. छापली होती खरी.

आता हिशेब. खड्यांना त्यांनी कॅरटला 75,000 लावले होते, म्हणजे 73,500. मामांच्या मते हा खाणीतल्या मालाचा भाव. लॅबचा माल तेव्हाही त्याच्या निम्म्याच्या बराच खाली होता आणि पुढं आणखी उतरत गेला. लॅबचा हिरा वाईट नाही. माझ्या भाचीनं समजून-उमजून, त्याच्या भावात घेतलाय, छान दिसतो. मला तो दुसऱ्याच्या भावात विकला, एवढंच माझं रडगाणं.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो, मग एका वकिलांकडे गेलो. ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. खरेदी ललितापंचमीची, मला कळलं भाऊबीजेनंतर, म्हणजे दोन वर्षं उलटून महिनाही झाला नव्हता. उशीर माफ करून घेता येतो, पण बिलावर सीव्हीडी आणि कार्डावर लॅबोरेटरी ग्रोन लिहिलेलं असताना फसवलं हे दाखवणं जड जाईल, असं ते म्हणाले. लेकीनं शोधून काढलं की 2015 च्या आयएसओ 18323 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नुसतं "डायमंड" म्हटलं तर तो नैसर्गिकच धरायचा, लॅबचा असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. वकील म्हणाले, मानक म्हणजे कायदा नव्हे. तक्रार द्यायची का, यावर घरात अजून एकमत नाही.

कुणी हिऱ्याचं काही घ्यायला निघाला असाल तर बिलावर "नैसर्गिक हिरा" हे दोन शब्द लिहून मागा. नुसतं "डायमंड" लिहून देणारा लिहायला का कू करू लागला की उठा. निव्वळ सोनं, खड्यांची संख्या, त्यांचं वजन, कॅरटमागचा दर, मजुरी, सगळं वेगवेगळ्या ओळींत घ्या. परत घेताना खड्याला किती टक्के, तेही तिथंच लिहून घ्या. कार्ड दुकानातच वाचा, इंग्रजी अडलं तर पोरांना फोन लावा, आणि कार्डाचा नंबर, कार्ड देणाऱ्या तपासणी लॅबच्या वेबसाइटवर टाकून बघा. एकच मोठा हिरा असेल तर त्याच्या कडेवर लेसरनं नंबर कोरलेला असू शकतो, भिंगातून दाखवा म्हणा. कोण दाखवत नाही, बघूच.

मामांनी शेवटी लॅबचाच खडा बसवला. कागदाच्या पुडीतून चिमट्यानं एक उचलला, कोंदणात ठेवला, चारी नख्या दाबल्या, दहा मिनिटांचं काम. बिलाप्रमाणे त्या एका खड्याचे मी 5,250 मोजले होते. मामांनी मजुरीसकट बाराशे घेतले, आणि मी उठेपर्यंत चहाही सांगितला.